राहून गेलेली मूठ

बाप्तिस्मा झाला की माणूस आतून बदलते असं मले वाटलतं. पाण्यातून बाहेर आली, केस पुसले, नवा ड्रेस घातला, सगळ्याईनं हात हातात घेतले, कोणी रडलं पण. आणि दोनच दिवसांनी घरात सुमन मावशीचं नाव निघालं तर माझे दात आपोआप एकमेकांवर बसले. तेव्हा मी घाबरली. म्हटलं, काही झालंच नाही का माझ्यात? नुसती भिजली का मी? हे कोणाले विचारताही येत नव्हतं, कारण सगळे मले पाहून खुश होते. म्हणून जे झालं ते आता लिहून राह्यली. माझ्यासारखं कोणी असेल, आतून चिडलेलं आणि वरून गाणी म्हणणारं, तर त्यानं वाचावं.

आमचं गाव फुलसावंगीच्या पलीकडे आहे, छोटंसं. आमची संगती, म्हणजे प्रार्थनेले जमणारी मंडळी, आठ-नऊ घरं. चर्चची इमारत वगैरे काही नाही, आमच्याच घराच्या समोरच्या टिनाखाली सतरंज्या टाकतो आणि पास्टर काका आर्णीवरून गाडीनं येतात. सुमन मावशी त्या घरांतलीच एक. एकटीच राहते, मूलबाळ नाही, नवरा जाऊन खूप वर्षं झाली. नात्यानं मावशी नाही, पण लहानपणी तिच्याच ओट्यावर मी अभ्यास केला आणि तिच्या हातचं बेसन खाल्लं. जीभ मात्र तिची अशी की गावातली कुत्री पण तिच्या ओट्यापासून लांबून जातात.

सोयाबीन निघाल्यावर ताईले पाहायले दारव्ह्याकडचे पाहुणे आलते. ताई माझी मोठी बहीण. सगळं जमलंच होतं, मुलगा पण चांगला होता, ताई त्या दिवसापासून आरशासमोर थोडी जास्त थांबायची. जाता जाता पाहुण्याईनं मावशीच्या ओट्यावर पाणी मागितलं आणि सहज विचारलं, पोरगी कशी आहे? मावशीनं सांगितलं, पोरगी सोन्यासारखी आहे, फक्त लहानपणी फिट यायची. ताईले पाच-सहा वर्षांची असताना तापात एक-दोनदा झालतं, मग कधीच नाही. पण पाहुण्याईचा फोन आला तो नकाराचा. त्यानंतर ताईनं संगतीत बसणं बंद केलं. प्रार्थना सुरू झाली की ती मागच्या खोलीत भांडी घासत बसायची. घासलेलीच भांडी.

मी मावशीसोबत बोलणं सोडलं. तिच्या घरावरून जाताना मान दुसरीकडे. आणि मले ते बरोबरच वाटत होतं, खरं सांगते. मी ताईच्या बाजूनं उभी आहे असं वाटत होतं. पास्टर काका बाप्तिस्म्याच्या वर्गात म्हणायचे, "दया म्हणजे स्वभाव नाही वं, सवय आहे. मन आलं तर करायची नाही, रोज करायची, पोळ्या करतो तशी." मी मान हलवायची आणि मनात म्हणायची, सगळ्याईवर करीन काका, एक सोडून.

आता आमच्याकडची एक रीत सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. उत्तम शुक्रवारच्या, म्हणजे गुड फ्रायडेच्या, आदल्या दिवशी, गुरुवारी संध्याकाळी, आमच्याकडे प्रभुभोजन असते, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून. त्याची भाकर बाजारातून आणत नाहीत. ज्याचा बाप्तिस्मा त्या वर्षी झाला त्यानं ती आपल्या हातानं करायची, ज्वारीची, बेखमीर, बिनमिठाची. आणि पीठ एका घरचं नाही. सकाळी डबा घेऊन संगतीच्या प्रत्येक घरी जायचं, प्रत्येक घरानं एक मूठ टाकायची. अशी सगळ्याईची मिळून एक मोठी भाकर. पास्टर काका ती अख्खी उचलून सगळ्याईसमोर मोडतात, म्हणून ती अख्खीच पाहिजे. मागच्या वर्षी एका दादानं केलती, तिचा आकार पाहून लोकं अजून हसतात, पण अख्खी होती बिचारी.

यंदा पाळी माझी होती. मी सकाळी केस धुवून, ओढणी घेऊन, डबा घेऊन निघाली. सगळीकडे गेली. सगळ्याईनं मूठ टाकली, डोक्यावर हात ठेवला. मावशीच्या दारावरून मी सरळ निघून आली. दार उघडं होतं. कोणाले कळणार आहे, असं म्हटलं. पिठावर काही नाव लिहिलेलं असते का?

दुपारी चूल पेटवली. माय बाजूले बसली, पण हात लावायचा नाही हे ठरलेलं. पहिली भाकर थापली, तव्यावर टाकायले उचलली तर मधातून दोन तुकडे. दुसरीच्या कडा चिरल्या, उलथवताना पार भुगा. आधण घालून पाहिलं, घट्ट मळून पाहिलं, छोटी करून पाहिली. नाही. माय म्हणाली, "पीठच जुनं आहे वं. विरी गेली त्याची. चिकटतच नाही." आणि ते खरंच होतं. आठ दिवसांपासून गावातली विजेची डीपी जळालती, गिरणी बंद, कोणाकडेच ताजं दळण नव्हतं. आजकाल सगळ्याईच्या घरी गव्हाच्या पोळ्याच जास्त, ज्वारीचं पीठ डब्यात पडून राहते. सगळ्याईनं मनापासून दिलं, पण शिळं दिलं.

तुकडे ताटात जमा होत गेले. मी चुलीसमोर बसून प्रार्थना केली, प्रभु, एकच भाकर, मोठी नको, फक्त अख्खी. मग प्रभूची प्रार्थना म्हणायले लागली, सवयीनं, भराभरा. आणि दुसऱ्याईले जशी आम्ही क्षमा केली, या ओळीवर आली तर तोंडच बंद झालं. पुढचे शब्द मले पाठ आहेत, झोपेत पण येतात. आले नाही.

ताई मागच्या दारात उभी होती. कधीची होती काय माहीत. ताटाकडे पाहून म्हणाली, "मावशीकडे गेलती का तू?"

मी परातीतलं पीठ गोळा करत राह्यली.

"नाही गेली ना?"

"तुझ्यासाठीच नाही गेली," मी म्हटलं. मले वाटलं ती जवळ येईल, डोक्यावरून हात फिरवेल.

"माझ्यासाठी?" ताई म्हणाली. "मी कधी सांगितलं तुले? लग्न माझं मोडलं, आणि फुगून तू बसली. माझ्या नावावर तुझा राग नको खपवू वं."

"तू तरी बोलतं का तिच्यासोबत?"

"नाही बोलत. अजून माझ्याच्यानं होत नाही. होईन तेव्हा होईन, ते माझं आणि देवाचं आहे. पण तुझं तू पाह्य ना. तुले तिनं काय केलं?"

माय चुलीतलं लाकूड पुढे सारत राह्यली. मले इतका राग आला, आणि मग समजलं की राग यासाठी येऊन राह्यला की ताई बरोबर बोलून राह्यली. इतके महिने मी जे ताईचं म्हणून सांभाळलं ते माझंच होतं. मले ते आवडत होतं. ते असलं की मी चांगली वाटायची मले.

मी उठली. ठरवलं. मन तयार नव्हतं, हे स्पष्ट लिहिते. पायात चप्पल घातली तेव्हा पण मन म्हणत होतं नको जाऊ. पण काका म्हणायचे ना, रोजच्या पोळ्याईसारखी. पोळ्या करायले कोणाचं मन असते? भूक असते म्हणून करतो. मी डबा उचलला आणि निघाली.

बाहेर ऊन असं की रस्त्यावर एक माणूस नाही. मावशीच्या दारापर्यंत गेली आणि पाय पुढेच निघून गेले. हापशीवर जाऊन उभी राह्यली. तोंड धुतलं. परत आली, परत दारावरून पुढे. तेवढ्यात आतून आवाज आला, "डबा घेऊन हापशीवर कोण जाते वं? पाणी डब्यात भरतं का?"

मले हसू पण आलं आणि रडू पण. आत गेली. मावशी जात्यापाशी बसली होती, कपाळावर पदर ओढलेला, हात कोपरापर्यंत पांढरे. डीपी जळालेली, गिरणी बंद, म्हणून कोनाड्यातलं जातं काढून ती ज्वारी दळून राह्यली होती, अशा गरमीत. बाजूले स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, होता, त्यावर फडकं झाकलेलं.

"सकाळी पाहिलं मी तुले," ती म्हणाली. "इथून गेली. मी म्हटलं जाऊ दे, पोरगी आहे. पण माझी मूठ मी काढून ठेवली. जुनं पीठ प्रभूच्या भाकरीत कसं देऊ, म्हणून दळलं. तू नसती आली तर पाखराईले टाकलं असतं."

मले काही पाठ केलेलं बोलता आलं नाही. मी म्हटलं, "मावशी, एका मुठीनं नाही होत. माझी भाकर फुटून राह्यली. सगळं पीठ जुनं आहे."

ती हसली नाही, टोमणा पण मारला नाही. गंजावरचं फडकं काढलं आणि अख्खा गंज माझ्यासमोर सरकवला. मग जात्याचा खुंटा धरून बसूनच राह्यली आणि खाली पाहत म्हणाली, "त्या पाहुण्याईसमोर मी खोटं नव्हतं बोलली. पण काही गरज नव्हती बोलायची. पोरीवर दया करायची होती, ते नाही केलं मी. तेव्हापासून जेवण गोड लागत नाही मले. तुझ्या घराकडे यायले तोंड नाही."

तिनं मान्य केलं म्हणून माझा राग गेला, असं नाही लिहिणार. थोडा होताच. पण मी तिच्यासमोर बसली, तिच्या मुठीसोबत गंजातलं सगळं पीठ डब्यात घेतलं आणि म्हटलं, "माझ्याकडून मिटलं मावशी. ताईचं मी नाही बोलू शकत. पण माझ्याकडून मिटलं." तोंडातून निघालं तेव्हा आधी शब्दच होते. घरी येईपर्यंत, रस्त्यात कुठेतरी, ते खरे झाले. कुठे ते मले पण नाही सांगता येत.

ताजं पीठ जुन्यात मिसळलं, मळलं, थापलं. भाकर परातीतून उचलली तेव्हा माय पुढे सरकली. ती अख्खी तव्यावर गेली. उलटली, अख्खी. फुगली पण. कोणी म्हणेल ताज्या पिठाची भाकर जमतेच, त्यात काय? बरोबर आहे, जमतेच. मी भांडत नाही. पण डीपी जळाली नसती तर मावशीनं जातं काढलं नसतं, सगळ्याईचं पीठ ताजं असतं, माझी भाकर तिच्या मुठीशिवायच गोल झाली असती, आणि मी तशीच हसत ती पास्टर काकाईच्या हातात दिली असती. मले तेवढं समजते.

संध्याकाळी सगळे जमले. आमच्याकडे भाकर मोडल्यावर ताट हातोहात जाते, प्रत्येकानं आपल्या बाजूच्याले तुकडा मोडून द्यायचा. मावशी त्या पाहुण्याईच्या गोष्टीपासून अगदी शेवटी, दारापाशी बसायची, म्हणजे तिच्यापुढे कोणी नाही, तिनं कोणाले द्यायची वेळ नाही. मी भाकर काकाईच्या हातात दिली आणि जाऊन तिच्या बाजूले बसली. ताट फिरत आलं. मी तुकडा मोडून मावशीच्या हातावर ठेवला आणि ताट तिच्याकडे दिलं. तिनं डोळे मिटून तो खाल्ला आणि ताट खाली ठेवणार तेवढ्यात तिच्या पलीकडे, दाराच्या चौकटीत, कोणीतरी येऊन बसलं.

ताई होती. ओल्या हातानं, भांडी टाकून आलेली. जागा तेवढीच उरलेली होती.

मावशीनं ताटातला तुकडा उचलला, पण तिचा हात मधातच थांबला, मले वाटलं परत ताटात ठेवते आता. सगळी संगती गाणं थांबवून बसलती. ताईनं मावशीच्या तोंडाकडे पाहिलं पण नाही. फक्त तळहात पुढे केला, आणि तो तिथेच ठेवला, मावशीच्या हाताले जमेपर्यंत. खूप वेळ. मग तुकडा पडला त्यात, आणि ताईनं तो खाल्ला.

त्याच्यानंतर सगळं गोड झालं असं समजू नका. ईस्टरच्या दुसऱ्याच दिवशी मावशीनं माझ्या हसण्यावरून मले टोमणा मारला, म्हणे घोडी खिंकाळल्यासारखी हसते. ताई तिच्यासोबत अजून बोलत नाही. मी आता रोज सकाळी हापशीवर जाताना मावशीच्या ओट्यापाशी थांबते, तिचा गुंड, म्हणजे पाण्याची कळशी, घेते, भरून आणते. कधी मन असते, कधी नसते. नसते त्या दिवशी पण थांबते, मुद्दाम थांबते, कारण मले कळलं की बाप्तिस्म्याच्या पाण्यानं मी एका दिवसात चांगली नाही झाली, पण त्या दिवसापासून चांगलं व्हायले मले परवानगी मिळाली. बाकी माझ्या हातात नाही. मी फक्त जायचं. पीठ ताजं ठेवणारा तो आहे.

आज सकाळी आमचा गुंड घ्यायले मी मागे गेली तर चुलीपाशी दोन गुंड घासून ठेवलेले. एक आमचा. एक मावशीचा, काल माझ्याकडून चुकून इथेच राह्यलेला, राखेनं असा लख्ख घासलेला की त्यात माझं तोंड दिसत होतं. ताई पाठमोरी बसून चहाले पाणी ठेवून राह्यली होती. प्रभु, तुझे उपकार. मी दोन्ही गुंड उचलले आणि निघाली.