पेडल तळाला गेलं तेव्हा
घाटात ट्रकच्या जळक्या ब्रेकचा वास आला की मला नगरचं ते गॅरेज आठवतं. तिथे जायच्या आदल्या दिवशी रेस ट्रॅकवर माझ्या स्पोर्ट्स कारचं ब्रेक पेडल वळणावर एकदम तळाला गेलं आणि गाडी कशीबशी मातीत थांबली; शेजारी बायको होती. एक मित्र म्हणाला मोठ्या डिस्क टाक, दुसरा म्हणाला नुसते पॅड बदल. मी पुरता गोंधळलो होतो. म्हाताऱ्या मेकॅनिकने चाक काढून पाहिलं. "डिस्क चांगल्या हायेत. ब्रेक ऑइल तापून उकळलं हुतं, म्हून पेडल तळाला गेलं. भारी ऑइल अन् पॅड टाकू. पन पेडल आधीच मऊ लागलं असंल की, तवा का न्हाई थांबला?" सोबत आलेली बायकोही माझ्याकडे बघत राहिली. गाडी आता नीट थांबते. पेडल मऊ लागल्यावरही मी तेव्हा आणखी एक फेरी का मारली, हे मात्र मला अजून कळलेलं नाही.