ओरडणाऱ्या गाडीत आबा बसेनात

माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, आमच्या गावच्या स्टँडवर टांगा चालवत. त्या टांग्यावर मी शिकलो, बी.एस्सी. झालो आणि भांडुपच्या एका रंगाच्या कारखान्यात प्रयोगशाळेत लागलो. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. गावात रिक्षा आल्या, टांगा बंद झाला, तसे आबा आमच्याकडे मुलुंडला राहायला आले. पुढे कारखान्यातल्या एका साहेबांनी नवी गाडी घेतली आणि त्यांची जुनी मी घेतली. रंग करडा, एका दाराची काच अर्ध्यावर अडकणारी. तरी ती सोसायटीच्या आवारात उभी राहिली त्या संध्याकाळी मी काही ना काही निमित्त काढून खाली जात राहिलो.

घेताना मनात एकच होतं. जन्मभर दुसऱ्यांना बसवून नेणाऱ्या माणसाला आता माझ्या शेजारी बसवून फिरवायचं.

पण गाडीचे ब्रेक ओरडायचे. पहिल्याच सकाळी आबांनी गाडी धुतली आणि मग धुतलेलं धोतर नेसून, टोपी घालून खाली आले. मी गाडी वळवून त्यांच्यापुढे थांबवली, तर ती अशी किंचाळली की आबा मागे सरले.

“जनावर वरडतंय म्हंजे त्याला कायतरी खुपतंय,” ते म्हणाले. “दुखऱ्या जनावराला मी कधी जुंपलं न्हाई. हिच्यातबी बसणार न्हाई.”

“आबा, हे यंत्र आहे. लोखंड घासतंय.”

“मग लोखंडाला खुपतंय.”

आणि ते जिना चढून गेले.

तळमजल्यावर मालवणकडचे एक काका राहत. गिरणी बंद पडल्यापासून घरीच असायचे. मी कामाला निघालो की खिडकीतून आवाज यायचा, “काय रे, सकाळी सकाळी कोंबो कापतंस काय?” आबा दिसले की त्यांनाही सोडायचे नाहीत. “टांगेवाले, तुमचो घोडो बरो होतो!” आबा हसायचे, पण मला ते लागायचं.

बसत नसले तरी गाडीची चाकरी मात्र आबांनी आपल्याकडे घेतली होती. सकाळी नळाला पाणी आलं की बादल्या भरून ते खाली जात. घोड्याला धुवायचे तसंच गाडीला धूत. आधी पाठ, मग तोंड, आणि शेवटी पाय. चाकांवर बाहेरून पाणी मारून झालं की खाली वाकून आतल्या अंगालाही सपासप मारत. “खुराच्या आतच घाण बसती,” म्हणायचे.

नाक्यावरच्या मिस्त्रीने ब्रेकची लायनिंग, म्हणजे आतल्या घासणाऱ्या पट्ट्या, बदलून दिली. त्या वेळी आबा जत्रेला गावी गेले होते. गाडी अगदी गप्प झाली. मी खुशीत त्यांना कळवलं, आता या, गाडी बरी झाली. ते आले आणि दुसऱ्या दिवशी गाडी पुन्हा किंचाळली. आबा नुसते माझ्याकडे बघत राहिले. ते बघणं मला ओरडण्यापेक्षा जड गेलं.

मग एका सकाळी जलवाहिनी फुटली म्हणून नळ कोरडे राहिले. गाडी धुतली गेली नाही, आणि कामाला पोचेपर्यंत ब्रेकचा आवाज नाही. दुसऱ्या दिवशी पाणी आलं, आवाजही आला. संशय आला, पण आबांना तोंडाने सांगायचा धीर होईना. या शहरात त्यांना तेवढं एकच काम होतं.

कॉलेजात आमचे सर सांगायचे, एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बघा. रविवारी मी आबांना म्हणालो, “आज उजवीकडची चाकं धुऊ नका. कोरडी राहू द्या.”

“अर्धी अंघोळ? लेका, आमच्यात मेलेल्यालासुद्धा पुरती घालत्यात.”

“एक प्रयोग करायचाय, आबा.”

प्रयोग म्हटल्यावर त्यांनी बादली उचलली. माझ्या त्या शब्दाला त्यांच्याकडे फार मान होता. त्यांनी डावी बाजू तेवढी धुतली. मी आवारात गाडी अगदी हळू चालवत ब्रेक दाबत राहिलो आणि आबा कान देऊन बाजूबाजूने चालू लागले. आधी डावीकडून, मग वळसा घालून उजवीकडून. फेरी पुरी झाल्यावर त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“कोरडी बाजू गप हाय,” ते म्हणाले. मग रिकाम्या बादलीकडे बघत, “म्हंजे मीच व्हय?”

“अजून ठरलं नाही. आत बघू.”

गाडी जॅकवर घेतली, चाक काढलं, ब्रेकवरचा गोल ड्रम ठोकून सैल केला. आत काळी धूळ भिजून चिखलासारखी बसली होती आणि ड्रमला कडेने तांबूस गंज चढला होता. पाणी आत आलं कुठून? ड्रमच्या मागचा पत्रा चाचपला तर त्यात एक भोक. तिथे रबरी बूच असायला हवं होतं. साहेबांच्या काळातच ते कधीतरी गळून पडलं असणार. बाकीच्या चाकांचीही तीच कथा.

“हे बघा आबा. दोष पाण्याचा नाही, या भोकाचा आहे. बूच असतं तर तुम्ही विहीर उपसून ओतली असती तरी चाललं असतं.”

आबांनी भोकात बोट घालून खात्री केली. मग त्यांच्या तोंडावर जे हसू आलं, ते माझी पदवी बघतानाही आलं नव्हतं.

आम्ही दोघांनी मिळून धूळ पुसली, गंज पॉलिश कागदाने घासला. जुन्या ट्यूबचं रबर दुमडून मी बुचं कापली. आबांनी ती अंगठ्याने दाबून बसवली. दुसऱ्या सकाळी त्यांनी चारही चाकं आतून-बाहेरून मनसोक्त धुतली. मी गाडी त्यांच्यापुढे आणून थांबवली. काका खिडकीत तयारच होते, पण ओरडायला काही मिळालं नाही.

आबा पुढच्या सीटवर बसले. ताठ, हात गुडघ्यांवर. नाहूरपर्यंत प्रत्येक ब्रेकला कान देत राहिले. पुढे सिग्नलला आम्ही थांबलो तर शेजारी एक रिक्षा करकरत येऊन उभी राहिली. आबांनी खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“अरं बाबा, तुझी लई वरडतीय. ह्याला दाखव. माझा पोरगा हाय, बी.एस्सी. झालाय.”