हार घातलेली गाडी

खंडेनवमीला कुणाच्या दारात गाडीला घातलेला झेंडूचा हार दिसला, की ती घटना आजही आठवते आणि सणाचा घास गोड लागत नाही. नावं कुणाचीच सांगणार नाही. त्यातल्या काहींची मुलं-नातवंडं नगरमध्ये सुखाने नांदत आहेत.

दुसरं महायुद्ध नुकतंच संपलं होतं आणि मी नगर शहरात फौजदार होतो. लष्कराच्या लिलावातल्या गाड्या घेऊन बऱ्याच जणांनी गॅरेजं थाटली होती. अशाच एका मालकाकडे तीनचाकी मोटारसायकल होती, म्हणजे डाव्या अंगाला साईडकार जोडलेली. तसलीच एक आमच्या मुख्यालयातही असल्यामुळे तिच्या खोड्या मला ठाऊक होत्या. पायाने एकच ब्रेक दाबायचा, पण मागचं चाक आणि साईडकारचं चाक दोन्ही एकदम धरायला हवीत. त्यासाठी एक जोडसळई असते. साईडकारमध्ये ज्वारीचं पोतं ठेवून सळई बेताने लावायची, तिची पिन बसवायची आणि मोकळ्या मैदानात गाडी फिरवून बघायची. हे वरचेवर करावंच लागतं. साईडकारचं चाक धरलं नाही, तर ती पुढे रेटते आणि सगळी गाडी उजवीकडे ओढली जाते.

त्या खंडेनवमीला दुपारी मालकाचा मेहुणा साईडकारमध्ये दसऱ्याचा बाजार भरून पारनेरकडे आपल्या गावी निघाला. उतारावर बैलगाडी आडवी आली. त्याने ब्रेक दाबला आणि गाडी उजवीकडे वळून थेट ओढ्यात गेली. तो जागीच गेला. पंचनामा करताना दिसलं, की जोडसळईची पिनच नाही. तुटली असती तर तुकडा अडकून राहिला असता. ती काढलेली होती. हँडलला झेंडूचा हार मात्र शाबूत होता.

ऐन दसऱ्याच्या सकाळी गॅरेजसमोरचा चहावाला ठाण्यात खबर घेऊन आला. गॅरेजचा मिस्त्री मुसलमान, कुणाच्या अध्यात ना मध्यात असणारा. त्याला या मेहुण्याने थोड्याच दिवसांपूर्वी चारचौघांत थोबाडीत मारली होती. त्यानेच डाव साधला, असं चहावाल्याचं म्हणणं. मालकानेही जबाब दिला, की गाडी तयार आहे असं मिस्त्रीने आपल्याला सांगितलं होतं. दिवस हिंदू-मुसलमान दंग्यांचे, वाईट होते. सोनं वाटायचं सोडून माणसं ठाण्यापुढे जमली आणि फाशीची भाषा बोलू लागली. मिस्त्री खुनाच्या आरोपाखाली कोठडीत गेला.

मी त्याच्या अंगाला कुणाला हात लावू दिला नाही. खोटं बोलणारा माणूस आपली गोष्ट दर वेळी थोडी सुधारून सांगतो, हे मी नोकरीत शिकलो होतो. या माणसाने एक शब्दही सुधारला नाही. पिन आपणच काढली, हे त्याने पहिल्याच प्रश्नाला कबूल केलं. ब्रेक जुळवायचं काम अर्धं झालं असताना मालकाने हत्यारं पूजेला मागितली. पूजेला मांडलेल्या हत्यारांना दसरा उजाडेपर्यंत हात लावायचा नाही, हा त्या गॅरेजचा नेम. मग काम तिथेच थांबलं.

"पन हँडलला फडकं बांधलं हुतं साहेब," तो म्हणाला. "फडकं आसल तर गाडीला कुनी हात लावत न्हाई. आमच्यात समद्यांना ठावं हाय."

हवालदार म्हणाला, कबुली आली, आता कागद रंगवून मोकळं व्हावं. मला तो हार आठवत होता. हँडलला फडकं नव्हतं, हार होता.

मी पंच घेऊन गॅरेजवर गेलो. घरात दुःख पडल्यामुळे पूजेचा पाट कुणी हलवला नव्हता. पाने, हातोड्या, पक्कड, सगळ्यांना हळदकुंकू लावलेलं, वर सुकलेली फुलं. त्यांच्या रांगेत ती पिन होती. तिलाही कुंकवाचं बोट लागलेलं. जीव घ्यायला काढलेली पिन कुणी मालकाच्या पूजेत सगळ्यांदेखत ठेवेल काय? मी मालकाला फडक्याबद्दल विचारलं. त्याने कानांवर हात ठेवले.

गॅरेजमागेच त्यांचं घर होतं. मधल्या दारात मालकाची बायको उभी होती. मेलेला तिचा सख्खा भाऊ.

"फडकं ह्यांनीच सोडलं," ती म्हणाली. "पूजंच्या गाडीला मळकं फडकं नगं म्हनले, अन् तितंच हार घातला. दादानं हार बगितला, त्याला वाटलं गाडी झाली. त्यो गडी खोटं बोलत न्हाई."

मालक म्हणाला, भावाच्या दुःखाने हिचं डोकं फिरलंय. तिने नवऱ्याकडे पाहिलंही नाही. पंचांसमोर तेच पुन्हा सांगितलं आणि अंगठा दिला.

मिस्त्रीला पुरावा नाही म्हणून कलम १६९ खाली सोडलं. फडकं सोडणं ही चूक होती, कुणाच्याही हातून झाली असती. पण ती झाकायला मालकाने एका निरपराध माणसाच्या गळ्यात फास अडकवला होता. खोट्या जबाबाबद्दल त्याच्यावर खटला भरावा, असं मी वर लिहिलं. वरून निरोप आला, की ते कुटुंब आधीच दुःखात आहे, उगाच वाढवू नका. अपघाती मृत्यू म्हणून कागद बंद झाला. मला त्याची चीड आली, आजही येते.

मालकाचा धंदा वाढला. दोन ट्रक आले, गावात मान वाढला. बायकोला त्याने माहेरी धाडलं, ते कायमचं. मिस्त्रीला एकाही गॅरेजने उभं केलं नाही. पोलिसांनी सोडला म्हणून काय झालं, ब्रेकला त्याचा हात नको, असं लोक उघड बोलत. एक दिवस तो बायकापोरांसह नगर सोडून गेला. कुठे, ते कळलं नाही.

पुढे पारनेरच्या बाजारात बंदोबस्ताला असताना ती बाई समोर आली. त्याच मेलेल्या भावाच्या घरी, भावजयीच्या हाताखाली राहत होती. वाळली होती. मी ओळख दिली. तिने स्वतःबद्दल काही सांगितलं नाही, तक्रारही केली नाही. एकच विचारलं.

"त्या मिस्त्रीला सोडलं नव्हं तुमी? बरं चाललंय ना त्याचं?"

खरं शोधून काढलं की न्याय होतो, असं मी नोकरीला लागताना मानत होतो. या प्रकरणाने ते माझ्या डोक्यातून काढून टाकलं. इथे खरं सापडलं, आणि त्याची शिक्षा खरं बोलणाऱ्या दोघांनाच झाली. पण त्या बाईजवळ तेवढं एकच उरलं होतं, तेही कसं काढून घ्यायचं?

"हो," मी म्हणालो, "बरं चाललंय."

तिने पदर सावरला आणि भाजीची पाटी उचलून ती बाजारात गेली.