डाव्या पोटरीचा रंग

चूक माझी होती, आणि ती मी स्वतःच्या हातांनी केली. बायकोच्या डाव्या पोटरीत रक्ताची गाठ धरली होती, आणि मी ती पोटरी तीन संध्याकाळी काशाच्या वाटीने घासली.

घोटा मुरगळल्यामुळे तिच्या पायाला प्लास्टर होतं. ते निघाल्यावर आठवड्याभरात पोटरी दुखायला लागली. पाय दुखला की तूप लावून काशाची वाटी फिरवायची, हे आमच्या घरात आईपासून चालत आलेलं. घासताना कातडी काळपट होते. "उष्णता निघतेय," असं आई म्हणायची. वाटी खरं तर तळव्यालाच लावायची, पण दुखतंय तिथे म्हणून मी पोटरीवर फिरवली.

पहिल्या दिवशी काळपटपणा पुसला, तरी खाली जांभळट छटा राहिली. ओल्या फडक्यानेही ती जाईना. कातडी ताणलेली, वांग्यासारखी चकचकीत, हाताला गरम. गुडघ्यामागे निळ्या शिरा उठून आल्या होत्या, त्या आधी कधी दिसल्या नव्हत्या. केवढी उष्णता बाहेर पडतेय, म्हणून मला बरंच वाटलं. हे लिहिताना लाज वाटते.

"अहो, हे पुसून जात नाहीये. डॉक्टरांना दाखवूया का?"

"प्लास्टरखाली कातडी दबली होती, येईल रंग परत. तुला जरा काही झालं की डॉक्टर!"

दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही पाय शेजारी ठेवले. "बघा तरी. हा माझा वाटतोय का? कुणाकडून उसना आणल्यासारखा दिसतोय. दाखवूया ना." मी हसलो आणि तूप घेतलं.

चौथ्या दिवशी सकाळी ती भाजी घेऊन जेसल पार्कातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये परतली, ती दुसऱ्या मजल्यापर्यंत पोचलीच नाही. पायरीवर बसली होती, धाप लागलेली, ओठ पांढरे. शेजारच्या गुजराती भाभी तिला वारा घालत होत्या. "भाईसाब, पैर का कलर देखा आपने? खडे क्या हो, रिक्षा बुलाओ!"

हॉस्पिटलात कळलं, शिरेतल्या गाठीचा तुकडा फुप्फुसात गेला होता. डॉक्टरीणबाईंनी मालिश केली का विचारलं. मी होकारार्थी मान हलवली.

"त्यामुळेच तुकडा सुटला, असं छातीठोक सांगता येणार नाही. पण एकच पाय सुजतो, रंग बदलतो, गरम लागतो, तेव्हा तो चोळायचा नसतो. लगेच दाखवायचा."

तिचा भाऊ भेटायला आला. "ताई, इतके दिवस अंगावर काढलंस?"

"माझंच चुकलं रे. मी यांना बोललेच नाही," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

"भावोजी, तुम्हीच लक्ष ठेवत जा. ही कधी सांगायची नाही."

मी "हो" म्हणालो. ती जगते की नाही, हे अजून ठरलेलं नव्हतं आणि मी तिच्या खोट्याआड उभा होतो.

पुढचे चार दिवस त्या 'हो'ने मला जेवू दिलं नाही. धोका टळला, तिला घरी सोडायचं ठरलं, तेव्हा भाऊ पुन्हा आला. ती पलंगावर पाय सोडून बसली होती. मी त्याच्यासमोरच बोललो.

"तिने मला सांगितलं होतं. दोनदा. मीच तिला गप्प केलं आणि तो पाय घासत राहिलो."

मग मी तिच्याकडे वळलो. लग्नाच्या इतक्या वर्षांत हे शब्द तिला कधी म्हटले नव्हते.

"मी तुझं ऐकलं नाही. माझं चुकलं. मला माफ कर."