सांडलेला प्याला

हात थरथरायला लागले तेव्हा ओपियस न्हाव्याने वस्तरा विकून टाकला. रोममधल्या त्या गल्लीच्या दाढ्या आणि गल्लीच्या कुचाळक्या दोन्ही त्याने जन्मभर मन लावून केल्या होत्या. दोन्ही एकदम सुटल्या. मग तो स्नानगृहाच्या ओसरीवर एका तत्त्वज्ञाचं फुकटचं बोलणं ऐकू लागला. म्हाताऱ्याने काही मागूच नये, म्हणजे गमावल्याचं दुःख नाही, असं ते गृहस्थ सांगत. ओपियसला हे इतकं पटलं की मुलाच्या मळ्यावर जाऊन कोपऱ्यात बसायचंही त्याने कबूल केलं. त्यात शहाणपण थोडं आणि रुसवाच फार होता. उद्या सकाळी गाडी येणार होती.

पण आज अन्ना नावाच्या वर्षदेवीची जत्रा होती. टायबर नदीच्या काठी अख्खी गल्ली लोटली होती. जेवढे प्याले प्यावे तेवढी वर्षं देवी आयुष्यात घालते, असा तिथला रिवाज. शेजारची टर्टुल्ला, दोरखंडवाल्याची विधवा, सत्तरी कधीच ओलांडलेली, सातव्या प्याल्यावर होती आणि बेसूर गात होती.

"काय हो न्हावीबुवा, तुमचा कितवा?"

"पहिला आणि शेवटचा. आपल्याला काही मागायचं नाही."

"अगोबाई! मग माझ्या मधाच्या वड्या रोज कोण मागून नेतं?"

सगळे खो खो हसले. ओपियसने चिडून प्याला उचलला, तर हात हलला आणि अर्धी दारू मांडीवर.

"अर्धंच वर्ष!" कुणीतरी ओरडलं. "म्हातारा द्राक्षांच्या तोडणीपर्यंतच टिकणार!"

"सांडलेला धरायचा नाही," टर्टुल्लाने निकाल दिला. "पुन्हा भरा."

"हात ऐकत नाही गं," तो हळूच म्हणाला. हे त्याने आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं.

टर्टुल्लाचं गाणं थांबलं. "मी सात वर्षं मागून बसलेय. तुम्ही तिकडे शेळ्यांना तत्त्वज्ञान शिकवणार, आणि मी इथे भांडू कुणाशी? भिंतीशी?" तिने दोर वळून राठ झालेला आपला हात त्याच्या हातावर घट्ट धरला. प्याला ओठांपर्यंत गेला, थेंबही सांडला नाही. ओपियसला इतका आनंद झाला की त्याने लगेच दुसरा भरायला लावला.

तो आठव्यावर थांबला.

"माझ्याहून एक जास्त कशाला?"

"तुझ्यामागे रडायला कुणी नको?"

"रडताय कसले! वड्या शोधत फिराल."

दोघं एकमेकांना सावरत, झोकांड्या खात घरी आली. कोण कुणाला सावरत होतं ते देवीलाच ठाऊक.

सकाळी गाडी दारात उभी राहिली. "निघायचं ना बाबा?" मुलाने विचारलं.

ओपियसचं डोकं ठणकत होतं, तरी चेहरा हसरा होता.

"आत्ता नाही रे," तो म्हणाला. "आठ वर्षांनी ये."