भिकाने बांधलेली गाठ

मी लेखक नाही, याबद्दल आधीच माफी मागतो. आमच्या घरात कॉलेजचे तोंड पाहणारा मी पहिलाच. वडील म्हसावदला शेती करतात आणि त्यांना सहीपुरतेच लिहिता येते. या सदरात जाणत्या मंडळींच्या शेजारी बसण्याची माझी योग्यता नाही... पण राहवत नाही म्हणून लिहितो. शिवाय मी सायन्सचा विद्यार्थी. भुतेखेते, नवस, दृष्ट यांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आणि आजही आहे असे म्हणवत नाही. जे पाहिले तेवढेच सांगतो.

लढाई चालू होती तेव्हाची गोष्ट. माझे गुलाबमामा सारंगखेड्याला नानासाहेब नावाच्या मोठ्या शेतकऱ्याकडे मोटार चालवत. मोटार जुनी, उघड्या टपाची, घोड्यांच्या पागेतच एका कडेला उभी असे. मामांचा एकुलता एक मुलगा भिका याच मोटारीवर काम शिकला आणि मिलिटरीत ड्रायव्हर म्हणून भरती होऊन ब्रह्मदेशाकडे गेला. बरेच महिने त्याची काहीच खबर नव्हती.

त्या मोटारीला एक खोड लागली होती. संध्याकाळी बॅटरी भरलेली, सकाळी पाहावे तर मेलेली. धुळ्याला पाठवून बॅटरी चार्ज करून आणली, डायनामो उघडला, धुळ्याचा मिस्त्रीही आला आणि काम अर्धवट टाकून गेला — गुण नाही. दत्तजयंतीच्या घोडेबाजाराला नानासाहेबांचे पाहुणे दोंडाईचा स्टेशनवर उतरायचे होते. तोवर मोटार नीट झाली नाही तर बाजारातच विकून टाकीन, असे त्यांनी मामांना बजावले होते.

मी सुट्टीत गेलो तेव्हा नानासाहेब पागेच्या दारातच उभे होते.

"हाऊ का गुलाब, तुन्हा कॉलेजवाला भाचा?" त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "बरं व्हयनं. मोटार चालनी नई ते हाऊ ढकली तरी."

मामा हसले नाहीत. मीही मान खाली घालून कामाला लागलो.

मला एकच पद्धत ठाऊक होती. बॅटरीची एक वायर सोडायची आणि मध्ये छोटा बल्ब जोडायचा. मोटारीतले सगळे बंद असताना बल्ब पेटता कामा नये. पेटला तर वीज कुठेतरी चोरून जाते आहे. मग एकेक वायर सुटी करत जायचे. जी सोडल्यावर बल्ब विझेल, तिथे खोट.

सकाळ होती. तापीवरून धुके उठून पागेत आले होते. घोड्यांच्या नुसत्या पाठी दिसत होत्या, पाय नाहीत... जणू ते पाण्यात उभे होते. बल्ब मंद, तांबूस पेटला. मी हॉर्न सोडला, मागचा दिवा सोडला, डायनामो सोडला. बल्ब तसाच. राहिला पुढच्या दिव्यांचा सांधा, स्टिअरिंगच्या खाली, काळ्या पट्टीत गुंडाळलेला. मी हात घातला तसे मामांनी माझे मनगट धरले.

"तठे नको."

"का मामा?"

"ती गाठ भिकानी बांधेल शे."

धुळ्याचा मिस्त्री काम अर्धवट टाकून का गेला, ते तेव्हा मला कळले. मामांनी त्याच्या हातातली पक्कडच काढून घेतली होती. माझ्या आजोळी एक रीत आहे. लांब गेलेल्या माणसाने निघताना स्वतःच्या हाताने जी गाठ बांधली असेल — गाठोड्याची, दाव्याची, कशाचीही — ती तो परत येईपर्यंत कुणी सोडत नाही. सोडली तर त्याची परतीची वाट तुटते, असे मानतात. भिकाने जाण्याच्या आदल्या दिवशी तारा पिळून हा सांधा बांधला होता.

"मामा, ही तारेची गाठ. दोरीची थोडीच—"

"तुन्हं खरं शे, शंकर," मामा म्हणाले. "पन तू आठे शे. तो तठे शे."



मामी चहा घेऊन आली होती. तिने सगळे ऐकले. "मोटार इकाई गई, मंग ती गाठ कोन सोडी?" तिने मामांना विचारले. "कोनी परकाच सोडी ना?"

मामांनी माझे मनगट सोडले, तशी मामी म्हणाली,

"त्याना पाळणानी गाठ मीच बांधेल व्हती, मीच सोडेल व्हती. सरका मांगे."

चहा फळीवर ठेवून, पदराला हात पुसून मामी मोटारीत चढली. वाकून तिने पट्टी उलगडली, तारांचा पीळ हलक्या हाताने उलटा फिरवला. तारा सुटल्या आणि बल्ब विझला. पट्टीखालचे रबर चिरले होते, उघडे तांबे पत्र्याला जेमतेम टेकत होते, वीज तिथून झिरपत होती. साधीच खोट! मला इतका आनंद झाला की बल्ब बॅटरीपासून सोडवून मी मामीला दाखवायला वर धरला. "हा बघ, विझला—"

तो माझ्या हातात पेटला.

दोन्ही वायरी हवेत लोंबत होत्या. बल्ब आधी तांबूस झाला, मग पांढरा, शांत... धुक्यात त्याच्याभोवती खळे पडले. हाताला मुळीच चटका नव्हता. घोड्यांचे चघळणे थांबले होते आणि साऱ्यांचे कान नदीकडे वळलेले. मामीने बोट लावले. झोपलेल्या पोराला हाक मारावी तशी ती म्हणाली, "ऊठ रे, भिका. चहा थंडा व्हई ऱ्हायना."

हळूहळू उजेड ओसरला. मामा खाली बसून रडत होते.

मामीने तारांची दोन टोके वेगवेगळी पट्टीत गुंडाळली. "आते तोच ईसन बांधी," एवढेच म्हणाली. पुढचे दिवे सोडून मोटार ठणठणीत झाली. पाहुणे दिवसाउजेडी आले, आणि मोटार विकली गेली नाही.

तो बल्ब मी कॉलेजात नेला. प्रोफेसरांनी ऐकून घेतले आणि धुक्यात डोळ्यांना भास होतात म्हणाले. मी प्रयोगशाळेत पुष्कळ खटपटी केल्या. बॅटरीशिवाय तो पुन्हा पेटला नाही. तिघांना एकच भास कसा झाला, आणि घोड्यांना काय झाले होते... मला आजही सांगता येत नाही.

उन्हाळ्यात मी मामांकडेच असताना भिकाच्या पलटणीतला एक शहाद्याचा जवान रजेवर आला. अंगणातल्या खाटेवर बसला, निरोप सांगितल्याशिवाय पाणीसुद्धा घेईना.

"मावशी, भिका जित्ता शे," तो मामीला म्हणाला. "दवाखानामा पडेल व्हता, तापमा. कोनले वळखे ना. उजवी मूठ अशी आवळेल, दोन डॉक्टर लागनात, तरी उघडनी नई. मंग थंडीना दिनमा एक सकाय ती आपसूक उघडनी. उठीसन बठना, आनि म्हने, मन्हा चहा कोठे शे?"