उरलेला स्क्रू

शिराळ्यात दूध डेअरीच्या माडीवर हंबीरराव पोरांना कॉम्प्युटर शिकवतात. फौजेत बावीस वर्षं वायरलेसचे सेट दुरुस्त केलेला माणूस. आवाज असा, की खाली कॅन धुणारेही दचकतात. त्यांचा पहिला धडा ठरलेला. एक जुना कॉम्प्युटर टेबलावर ठेवायचा, पोरांच्या हातात स्क्रूड्रायव्हर द्यायचा आणि ओरडायचं, "खोला!" घरी 'हात लावू नगं, बिघडंल' ऐकतच वाढलेल्या पोरांच्या बोटांतली भीती त्याशिवाय जात नाही, असं त्यांचं ठाम मत.

यंदा पहिली पाळी संयोगिताची आली. तिनं झाकण काढलं, पंखा पुसला, सगळं परत बसवलं. बटण दाबताच स्क्रीन उजळली आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. ती मात्र मूठ आवळूनच बसली. वर्ग सुटला तरी उठेना.

"मूठ उघड," हंबीरराव म्हणाले.

"आवं सर, एक स्क्रू उरलाय," ती रडवेली झाली. "कुठला, त्येच कळंना. बिघडलं का वो?"

हंबीरराव उठले. कपाटातून बिस्किटांचा पत्र्याचा डबा काढून त्यांनी तिच्यापुढं उघडला. आत स्क्रूच स्क्रू होते. दर वर्षी पोरांनी खिशात, दप्तरात लपवलेले आणि शेवटी न राहवून आणून दिलेले. तळातून एक गंजलेला शोधून त्यांनी तिच्या तळव्यावर, तिच्या स्क्रूशेजारी ठेवला.

"ह्यो माझा," ते म्हणाले. एरवीचा आवाज कुठल्या कुठं गेला होता. "भरतीच्या सालातला. आठ दिस मोज्यात लपवला हुता."